आई कुठली?

बालमित्रांनो,

या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सोलापूरच्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. ती सातवीत शिकते. 'ताई, माझं नाव छापू नका' असं तिनं बजावलंय, म्हणून नाव सांगत नाही. पत्र मात्र वाचाच.

'माझी आई रशियातली. बाबा तिकडे डॉक्टरकी शिकायला गेले होते, तेव्हा त्यांची ओळख झाली. आई सोलापुरात आली त्याला आता चौदा वर्षं झाली. शेंगाचटणी ती आजीपेक्षा झणझणीत करते आणि गड्ड्याच्या जत्रेला आमच्याआधी तयार होऊन बसते. पण ती अजून भारताची नागरिक नाही. अर्ज करून दोन वर्षं झाली. कुणी विचारलं की म्हणते, "येईल गं, येईल." ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. बाबा, आजी, शेजारचे सगळे आत गेले. आई शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत उभी राहिली. मी तिच्याबरोबर होते. वर्गातल्या मुली म्हणतात, तुझी आई फॉरेनर आहे. ताई, खरं सांगा, आई आपली नाही का? मग मी कोण?'

पत्र वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. आता एकेक प्रश्न घेऊ या.

आधी शेवटचा, कारण तो सोपा आहे. तू भारताची नागरिक आहेस, जन्मापासूनच. आपल्या कायद्याप्रमाणे ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघं भारतीय असले, किंवा एक भारतीय आणि दुसरा रीतसर कागदपत्रांवर इथं राहणारा असला, तर ते मूल जन्मानंच नागरिक होतं. बाबा भारतीय, आईकडे व्हिसा. झालं की नाही?

आता आईचं. १९५५ साली आपल्याकडे नागरिकत्व कायदा झाला. भारतीय माणसाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला त्यात नोंदणी करून नागरिक होता येतं. पण त्याआधी सात वर्षं भारतात राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने तर सलग. २०१५ मध्ये त्यात थोडी सवलत आली. खास कारण असेल, तर त्या बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंतची गैरहजेरी माफ होऊ शकते. तू पत्रात पुढं लिहिलंस ना, की तिकडची आजी सारखी आजारी असायची, आईच्या फेऱ्या व्हायच्या, म्हणून अर्जच उशिरा झाला? ते का, हे आता कळलं असेल. एका आजीला भेटायचं, की इकडचे दिवस मोजायचे, असा पेच तुझ्या आईपुढं होता बरं का!

अर्ज केला म्हणजे लगेच काम झालं असंही नाही. तो आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तिथं कागद तपासतात. मग तो राज्य सरकारकडे आणि तिथून दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जातो. मधे चौकशी होते, की ही व्यक्ती कोण, कुठं राहते, हिच्यापासून देशाला काही धोका तर नाही ना? देशानं एवढं विचारणं रास्तच आहे. आपणसुद्धा घराची किल्ली कुणालाही देत नाही. पण विचारून झालं, की उत्तर वेळेत मिळावं, हेही तितकंच रास्त. एखादी फाइल उगीच एका टेबलावर पडून राहिली, तर त्याला चौकशी म्हणत नाहीत, दिरंगाई म्हणतात.

होकार आला तरी एक अवघड पायरी उरते. भारतात दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही. म्हणजे आईला रशियाचं नागरिकत्व सोडावं लागेल आणि भारताच्या राज्यघटनेशी निष्ठा राखण्याची शपथ घ्यावी लागेल. ज्या देशात ती शाळेत गेली, जिथं तिचे आईवडील राहतात, तिथला पासपोर्ट परत करायचा. 'येईल गं' म्हणताना तिच्या मनात हेही असेल. तिला एकदा विचारून बघ.

या रांगेत उभी राहिलेली तुझी आई पहिली नाही. पंढरपूरच्या वाटेवर फलटण लागतं. तिथं मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई होत्या. जन्म अमेरिकेतला. १९६१ साली त्या पहिल्यांदा भारतात आल्या, मराठी भाषेचा अभ्यास केला, फलटणला राहिल्या आणि १९७८ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. तिथल्या मुलांना मराठी नीट वाचता-लिहिता यावं म्हणून त्यांनी शाळा उभी केली. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या गेल ऑम्वेट याही जन्मानं अमेरिकन. महात्मा फुल्यांच्या चळवळीचा अभ्यास करायला त्या आल्या, इथल्याच झाल्या आणि १९८३ मध्ये नागरिक झाल्या. दोघींनीही कागद येईपर्यंत काम थांबवलं नव्हतं.

आणि तुमच्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ साली ते चीनमधल्या जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले. तिथंच त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथंच वारले. चिनी माणसं आजही त्यांना आपलं मानतात. ज्या गावाच्या मुलाला दुसऱ्या देशानं इतकं आपलंसं केलं, त्या गावानं तुझ्या आईला 'फॉरेनर' म्हणावं का? वर्गात हे जरूर सांग. भांडू नकोस, नुसतं सांग.

आता नागरिकशास्त्राचं पुस्तक काढा पाहू सगळ्यांनी. आपल्या राज्यघटनेत दोन वेगवेगळे शब्द येतात, 'व्यक्ती' आणि 'नागरिक'. कायद्यापुढं समानता आणि जीविताचं संरक्षण हे हक्क प्रत्येक व्यक्तीला आहेत. म्हणजे तुझ्या आईला ते आजही आहेत. मतदानाचा हक्क मात्र फक्त नागरिकाला. म्हणून ती फाटकाबाहेर थांबली. ती परकी होती म्हणून नव्हे, तिचा कागद वाटेत होता म्हणून.

एक कामाची गोष्ट. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कोणत्याही नागरिकाला सरकारी कचेरीकडे माहिती मागता येते. आईला तो अर्ज करता येणार नाही, पण बाबांना येईल. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे, हे ते रीतसर विचारू शकतात. अर्जाचा क्रमांक, पावत्या, झेरॉक्स हे सगळं एका फायलीत तारखेप्रमाणे लावायचं काम तू घे. वाट बघणाऱ्या माणसाला सोबत लागते. रोज 'आलं का?' विचारण्यापेक्षा ही सोबत बरी.

बाकीच्यांना या आठवड्याचं काम : घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, आपलं कुटुंब या गावात कधी आणि कुठून आलं? सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा किती बोलींची घरं एकाच गल्लीत सापडतील! कुणाचे पणजोबा माग चालवायला आले असतील, कुणाचे नोकरीला. मिळालेलं उत्तर मला पत्रानं कळवा.

आणि माझ्या सोलापूरच्या मैत्रिणी, आईच्या बोटाला शाई लागेल त्या दिवशी दोन ओळी नक्की लिही. तोवर आईच्या हातची शेंगाचटणी माझ्याही वाटणीची खा.

तुमची,
ताई