गाडीचा रंग आणि सातशे रुपयांची बाटली



मागच्या वेळी आयंबिलच्या पदार्थांवर लिहिलं होतं, आणि आज एकदम गाडी! हसाल तुम्ही. पण गेल्या वर्षभरात आमच्या घरात ज्या बाटलीवरून सगळ्यात जास्त चर्चा झाली ती लोणच्याची नव्हती, गाडीच्या रंगावर मारायच्या स्प्रेची होती. आणि ती बाटली आता माझ्या ताब्यात आहे.

गेल्या दिवाळीआधी मुलाने नवीन गाडी घेतली. पांढरी. शोरूममध्ये किंमत ठरली, विमा ठरला, पेढ्यांचा बॉक्ससुद्धा आला, आणि मग तिथल्या मुलाने शेवटचा एक कागद हळूच पुढे सरकवला. त्यात एक ओळ होती: सिरॅमिक कोटिंग, २२,००० रुपये. शिवाय दरवर्षी 'मेंटेनन्स'चे वेगळे. मुलाने पेन उघडलंसुद्धा होतं. मी विचारलं, "दादा, हे केल्यावर विम्यात गाडीची किंमत जास्त धरतात का?" तो म्हणाला, "नाही काकू, पण चकाकी बघा ना!" आमचे हे म्हणाले, "अगं, पुरुषांच्या खरेदीत कशाला बोलतेस?" बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, तरी घसारा हा शब्द मी विसरलेली नाही. विम्याच्या हिशेबात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते. रंग आरशासारखा असो की मळका, ती निम्मीच. पेन बंद झालं.

पण मुलाचं म्हणणंही अगदी चुकीचं नव्हतं. रंग जपायला हवाच. माझं मत एवढंच आहे की त्याला २२ हजार लागत नाहीत. सातशे रुपयांचा स्प्रे सीलंट, चार मऊ कापडं आणि सावलीत पाऊण तास, एवढ्यात सामान्य घरच्या गाडीचं काम होतं. आणि ते काम आपण बायका जास्त चांगलं करतो, कारण पुसणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं.

आधी रंगाचं समजून घेऊ. आपल्या कळंबहून पुण्याकडे निघालं की चाकणला मोठमोठे गाड्यांचे कारखाने लागतात. अशा कारखान्यांत उघडा पत्रा आधी रसायनात बुडवून गंजविरोधी थर देतात, मग प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. हे थर भट्टीत भाजून पक्के करतात. सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. वरचा पारदर्शक थर, म्हणजे ज्याच्यामुळे गाडी चमकते तो, फक्त ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस याहून जाड असतो! गाडीला बारीक चरे पडले की गॅरेजवाले 'रबिंग-पॉलिश करून देतो' म्हणतात. ते याच थरातून थोडं खरवडून काढतात. म्हणजे प्रत्येक पॉलिशला मूळ भांडवलातून उचल होते, आणि हे भांडवल परत भरता येत नाही. सीलंटचं तसं नाही. तो वर बसतो, झिजतो, पुन्हा लावता येतो. खातं वेगळं आहे, हा चालू खर्च झाला.

आता आपल्याकडे रंगाला काय काय सोसावं लागतं ते बघा. हायवेची धूळ तर बारा महिने. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि कुणी पाचट पेटवलं की उडणारी काळी राख. शेजारच्या बागेत औषध मारलं की त्याचे तुषार. बोअरचं जड पाणी, जे गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग सोडतं, आपल्या नळाच्या तोटीवर बसतात तसेच. आणि आमच्या दारातला कडुलिंब, त्यावर राहणारे कावळे-कोकीळ. पक्ष्यांची शीट आम्लधर्मी असते. उन्हाने तापलेल्या बॉनेटवर ती दोन दिवस राहिली तर लॅकरला कायमचा खळगा पडतो, मग पुसून उपयोग नाही. (रात्री उसाच्या बाजूला गाडी लावली आणि बिबट्या बॉनेटवर बसला, तर त्याच्या नखांवर बावीस हजारांचं कोटिंगही चालणार नाही. आपल्या तालुक्यात हे सांगावं लागतं.)

सीलंट म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचे कृत्रिम पदार्थ किंवा सिलिकाची राळ, पातळ करून बाटलीत भरलेली. पुसल्यावर रंगावर अगदी तलम पापुद्रा राहतो, मायक्रॉनहूनही कमी. त्यावर पाणी थांबत नाही, थेंब होऊन ओघळतं. मळ घट्ट धरत नाही. शीट पडली तर लगेच आत शिरत नाही, तुम्हाला थोडा वेळ मिळतो. बस, एवढंच. चरे तो थांबवत नाही. दुकानदार '९एच हार्डनेस' असं मोठ्या अक्षरांत दाखवतात ना, ते ९एच पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचं आहे. मुलांच्या कंपासपेटीतली एचबी पेन्सिल आठवा, त्याच कुळातली. हिऱ्याशी काही संबंध नाही. 'टेफ्लॉन' लिहिलेलं असलं तरी भुलू नका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला तीनशे अंशांच्या वर भट्टी लागते. तेवढ्या उष्णतेत तुमच्या गाडीचा रंगच शिल्लक राहणार नाही, मग बॉनेटवर तव्यासारखं टेफ्लॉन कसं बसेल?

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, जे मला कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नाही. डबीतलं घट्ट कार-पॉलिश, ज्याला वॅक्स म्हणतात, त्यात पुष्कळदा मधमाश्यांचं मेण असतं. कार्नोबा नावाचं मेण असतं ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, ते वनस्पतीचं आहे. पण डबीत दोन्ही मिसळलेली असू शकतात. ज्या घरात मध महाविगई म्हणून चालत नाही, तिथे पोळं मोडून काढलेलं मेण गाडीला फासायचं? मला ते पटत नाही. गाडी पुसायला 'शॅमी' म्हणून जे मिळतं, ते मुळात मेंढी-बकरीचं कमावलेलं कातडं. आता कृत्रिमही मिळतं, पण विचारून घ्या. आणि चाकं, जाळ्या साफ करायचे 'नॅचरल हेअर' लिहिलेले ब्रश बहुतेक डुकराच्या केसांचे असतात. आमच्याकडे तो ब्रश तीन महिने पायरीवर पडून होता आणि त्याच पायरीवरून मी रोज स्थानकात जात होते! कळल्यावर अंगावर काटा आला. स्प्रे सीलंट कृत्रिम असतो, कापड मायक्रोफायबरचं असतं, म्हणजे या तिन्हींपासून सुटका होते. माझ्या दृष्टीने हा फायदा चकाकीपेक्षा मोठा आहे.

करायचं कसं? माझी पहिली फजिती सांगते. बाटली आली त्याच दिवशी उत्साहाने भर दुपारी बाराला, अंगणात उभ्या गाडीवर मी फवारा मारला. गाडी फक्त ओल्या फडक्याने पुसलेली. स्प्रे तापलेल्या पत्र्यावर जागीच वाळला, टपावर ढगांसारखे पट्टे उठले आणि खालची धूळ आत बंद झाली. सूनबाई म्हणाली, "मम्मी, गाडीला पापडाचं पीठ लागलंय का?" संध्याकाळी गार झाल्यावर ओल्या कापडावर थोडा स्प्रे घेऊन एकेक भाग पुन्हा पुसला तेव्हा पट्टे गेले.

तेव्हापासून क्रम पक्का आहे. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी धूळ पाण्याने हलकेच उतरवायची, कोरड्या फडक्याने कधीच नाही. आपण बसायच्या आधी जागा पुंजून घेतो ना, तसंच. कोरडी धूळ फडक्याने रगडली की तीच सँडपेपर होते, गाडीवर उन्हात दिसणारे जळमटासारखे गोल चरे त्यानेच पडतात. मग गाडीचाच शॅम्पू, कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड नाही, त्याने आधी लावलेला सीलंटही धुऊन जातो. दोन बादल्या, एक फेसाची, एक फडकं खळबळायची. वरून खाली, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. संपूर्ण कोरडी करायची. मग एकेका भागाला दोन-तीन फवारे, तेही शक्यतो कापडावर, एका कापडाने पसरवायचं, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने हलक्या हाताने पुसायचं. जास्त मारलं म्हणून जास्त टिकत नाही, उलट डाग पडतात. पुढच्या काचेवर नको, वायपर थरथरतो. ब्रेकच्या चकत्यांवर तर अजिबात नको. तोंडाला रुमाल बांधा, बंद गॅरेजमध्ये करू नका आणि नातवंडांना लांब ठेवा.

पाणी थेंब होऊन पळतं म्हणून गाडी तशीच वाळायला सोडू नका. आपल्या बोअरच्या पाण्याचा प्रत्येक थेंब जागच्या जागी वाळला की पांढरा ठिपका सोडतो. हे शिकायला मला एक पावसाळा लागला.

किती वेळा? बाटलीवर सहा महिने, वर्ष असं काहीही लिहिलेलं असतं. आमच्या उन्हात आणि धुळीत तीन-चार महिने धरा. मी तारखा लक्षात ठेवायला सोपी युक्ती केली आहे: आषाढी, कार्तिकी आणि फाल्गुनी चौमासीच्या आधीचा आठवडा. पावसाच्या तोंडावर एकदा, पाऊस संपल्यावर एकदा, उन्हाळ्याआधी एकदा. मधे दोनदा फक्त बॉनेट आणि टप, कारण ऊन तिथेच जास्त लागतं. हिशेब: पूर्ण गाडीला साठ मिली, तीनदा म्हणजे १८०, मधले दोन मिळून चाळीस. वर्षाला २२०. अर्ध्या लिटरची बाटली दोन वर्षांहून जास्त पुरते. पाच वर्षांत तीन बाटल्यांचे २,१००, कापडं आणि शॅम्पूचे मिळून आणखी दोन हजार. साधारण चार हजार. बावीसातून चार गेले, उरलेल्या अठरा हजारांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही त्यातले काही पांजरपोळला दिले.

माझ्या नणंदबाई विचारतात, "गाडीला एवढी चकाकी कशाला? हा मोहच नाही का?" प्रश्न बरोबर आहे. साध्वीजी विहारात याच हायवेच्या कडेने अनवाणी चालत येतात आणि आपण त्यांच्या दर्शनाला लखलखीत गाडीतून उतरतो, तेव्हा मलाही थोडं अवघडतं. पण गाडी घेतलीच आहे. ती पाच वर्षांत खराब करून पुन्हा रंगवणं किंवा बदलणं, यात परिग्रहही जास्त आणि हिंसाही जास्त. वस्तू जपून वापरणं आपल्या घरात आजेसासूबाईंच्या पितळी डब्यांपासून चालत आलं आहे. शेजारच्यांची बघून परत नवं कोटिंग करून घ्यायचं, तिथे मोह सुरू होतो.

पाण्याचंही सांगते. आमच्या पाइपने वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते. पंधरा मिनिटं पाइप सोडून गाडी धुतली तर दीडशे लिटर गेले, तेही अणगळ. सीलंट लावलेल्या गाडीला दोन बादल्यांत, चाळीस लिटरमध्ये भागतं, कारण मळ चिकटून बसलेला नसतो. पाण्यात जीव आहेत हे आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो, मग अंगणात का विसरायचं?

रात्रीच्या प्रवासात समोरच्या बंपरवर आणि काचेवर जे किडे येऊन आदळतात, त्यांना नुसता 'डाग' म्हणायला माझी जीभ धजत नाही. सीलंटमुळे ते ओल्या कापडाने घासाघीस न करता निघतात, हे खरं. पण खरा उपाय बाटलीत नाही. पावसाळ्यात तरी दिवस मावळायच्या आत घरी यावं. चौविहार पाळणाऱ्या घरात घाईने घरी यायला कारण असतंच.

दिवाळीला गाडीच्या पूजेत बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक काढतो. बाजारच्या कुंकवात रंग मिसळलेला असतो. माझ्या भावाच्या पांढऱ्या गाडीवर त्याची गुलाबी सावली अजून आहे. आमच्या गाडीवर सीलंट होता, तरी मी संध्याकाळीच ओल्या कापडाने तो उतरवला. पुढच्या वर्षी केशर किंवा चंदन वापरायचं ठरवलं आहे.

आमचे हे अजूनही सकाळी चहाआधी जुना पंचा घेऊन गाडीकडे निघतात. चाळीस वर्षांची सवय. मी दोन पंचे लपवून ठेवले, त्यांनी तिसरा शोधला. या रविवारी समोरच्या भाभी त्यांची गाडी घेऊन आमच्या कडुलिंबाखाली येणार आहेत, शिकायला. त्यांना सांगितलं आहे, सकाळी सातला या, आणि येताना आपली कापडं घेऊन या, माझी मी कुणाला देत नाही.