तिरका पंख

दिवाळीत आकाशात जाणारा बाण तुम्ही पाहिला असेल. त्या बाणाला एक लांब काडी बांधलेली असते. काडी मोडली, तर बाण सरळ वर जात नाही. तो आडवा पळतो आणि एखाद्याच्या गच्चीत शिरतो. काडी बाणाला उडवत नाही. ती त्याला सरळ ठेवते.

मुले हौसेने जे छोटे अग्निबाण तयार करतात, त्यांना अशी काडी नसते. जाड कागदाची एक नळी, पुढे टोक आणि मागे तीन किंवा चार पातळ पंख, एवढेच त्यांचे रूप. काडीचे काम येथे पंख करतात. म्हणूनच या पंखांविषयी माझे एक ठाम मत आहे. पंख तिरका बसला, तर तो काढावा आणि पुन्हा नीट बसवावा. ‘चालेल’ म्हणून तो अग्निबाण उडवू नये.

या छंदाचा जन्मच सुरक्षिततेच्या विचारातून वाढला. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तेथे ऑर्विल कार्लाइल यांचे बुटांचे दुकान होते. त्यांना शोभेच्या दारूकामाची चांगली माहिती होती. त्यांचे बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा नाद होता. १९५४ साली ऑर्विल यांनी पहिला छोटा अग्निबाण बनवला. पुढे ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला. त्या काळात अमेरिकेतील अनेक मुले स्वतःच नळ्यांत दारू भरून बाण उडवत होती. त्यांत कित्येक मुले जखमी झाली. तेव्हा हॅरी स्टाइन या अग्निबाणतज्ज्ञाने कार्लाइल यांची रीत सर्वांपुढे आणली. दारू मुलांनी भरायची नाही. इंजिन कारखान्यात तयार झालेलेच वापरायचे. नळी, टोक आणि पंख मात्र मुलांनी स्वतः करायचे.

म्हणजे इंजिनाची जबाबदारी कारखान्याची आणि पंखांची जबाबदारी मुलांची! हे वाटप तुम्ही लक्षात ठेवा. बाण कोठे जाईल, हे पुष्कळसे तुमच्या हातावर अवलंबून असते.

पंख काय करतात ते पाहू. बाण वर जाताना वाऱ्याने थोडा कलला, की समोरून येणारी हवा पंखांवर एका बाजूने आदळते. ती शेपटीला ढकलते आणि बाण पुन्हा सरळ होतो. पण पंखच तिरका असेल, तर बाण सरळ असतानाही हवा त्याला ढकलत राहते. सगळे पंख एकाच बाजूला सारखे तिरके असतील, तर बाण भोवऱ्यासारखा गरगर फिरतो. त्याची शक्ती फिरण्यात खर्च होते आणि उंची कमी होते. एकच पंख तिरका असेल, तर बाण फिरतोही आणि आपली वाटही सोडू शकतो.

तुम्ही म्हणाल, “थोडासा तिरका असला तर काय बिघडले?” थोडासा म्हणजे किती, ते मोजून पाहा. समजा, पंखाची नळीला चिकटणारी कड ६० मिलिमीटर लांब आहे. तिचे मागचे टोक फक्त १ मिलिमीटर सरकले, तर पंख सुमारे १ अंशाने तिरका होतो. डोळ्यांना एवढे सहज दिसत नाही, पण वेगाने येणाऱ्या हवेला ते जाणवते. लहान बाणाचे इंजिन पुष्कळदा एका सेकंदाच्या आतच जळून संपते. बाण एकदा सुटला, की त्याला वळवता येत नाही, थांबवताही येत नाही. मैदानात तुमचे मित्र उभे असतात, लहान भावंडे असतात. म्हणून हा प्रश्न केवळ सुबकपणाचा नाही.

काही जाणकार मुद्दामच पंख तिरके लावतात, हेही खरे आहे. बाण फिरत राहिला, की एका बाजूची ओढ सगळीकडे वाटली जाते. पण ते सर्व पंख सारख्याच अंशाने, मोजून तिरके करतात. मोजून केलेला तिरकेपणा ही कला आहे. न मोजता झालेला तिरकेपणा हा निष्काळजीपणा आहे.

मग पंख सरळ कसे बसवावेत? त्यासाठी महागडे यंत्र नको. कागदाची एक पट्टी नळीभोवती गुंडाळा. जेथे टोक येईल, तेथे खूण करा. नळीचा व्यास २४.८ मिलिमीटर असेल, तर घेर सुमारे ७८ मिलिमीटर भरेल. तीन पंख हवे असतील, तर दर २६ मिलिमीटरवर खूण करा. तुमच्या गणिताच्या तासातील भागाकार येथे कामाला येतो! मग नळी दाराच्या चौकटीच्या खाचेत टेकवा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिलीची सरळ रेघ ओढा. नुसत्या अंदाजाने ओढलेली रेघ गोल नळीवर हमखास वाकते.

सगळे पंख एकावर एक ठेवून त्यांच्या कडा एकदमच पॉलिश पेपरने घासा, म्हणजे ते एकसारखे होतील. लाकडाचा पांढरा गोंद पंखाच्या कडेला आणि रेघेवर अगदी पातळ लावा व वाळू द्या. मग पुन्हा पातळ गोंद लावून पंख चिकटवा. अशाने पंख लवकर धरतो आणि घसरत नाही. जाड पुठ्ठ्यात नळीएवढे गोल भोक आणि त्याभोवती सारख्या अंतरावर तीन खाचा कापल्या, तर पंख वाळेपर्यंत सरळ राहतात. शेवटी नळी शेपटीकडून डोळ्यांसमोर धरा. तिन्ही पंखांमधले अंतर सारखे दिसले पाहिजे.

एवढे करूनही पंख तिरका बसला तर? गोंद ओला असेल, तर पंख हलक्या हाताने सरकवा. गोंद वाळला असेल, तर ओढू नका. नळीचा कागद फाटेल. घरातील मोठ्या माणसाला जवळ बोलवा आणि धारदार पात्याने गोंदाच्या रेघेतून हळूहळू पंख सोडवा. उरलेला गोंद घासून काढा, रेघ पुन्हा ओढा आणि पंख पुन्हा चिकटवा. लाकूडच वाकले असेल, तर ते किंचित ओले करून दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवा. तरीही सरळ झाले नाही, तर नवा पंख कापा.

पण बरेच जण असे करत नाहीत. ते तिरक्या पंखाच्या मुळाशी गोंदाचा जाड थर देतात आणि वरून चकचकीत रंग लावतात. कोणी दुसरा पंख उलट दिशेने तिरका करतात. रंगाने डोळे फसतात, हवा फसत नाही. तिरक्याला तिरक्याने उत्तर दिले, तर दोष मिटत नाही, वाढतो.

मला वाटते, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही ही गोष्ट पाहावी. ज्याचा रंग सुंदर, त्याला बक्षीस मिळते. ज्याने रात्री जागून पंख काढून पुन्हा बसवला, त्याचे कष्ट कोणाला दिसत नाहीत. खरे म्हणजे शाबासकी त्याला मिळाली पाहिजे. आपली चूक ओळखून ती वेळेवर सुधारणे हाच विज्ञानाचा पहिला धडा आहे.

तुम्ही कदाचित इंजिनाचा अग्निबाण कधी उडवणार नाही. पण प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि हवा भरून उडणारे रॉकेट शिक्षकांच्या मदतीने नक्की कराल. त्यालाही पंख लागतात आणि त्यालाही हाच नियम लागू आहे. उडवण्याआधी ते शेपटीकडून एकदा पाहा. पंख तिरका दिसला, तर त्या दिवशी उड्डाण थांबवा. मित्र हसले तरी चालेल. रॉकेट उद्याही उडवता येईल. सुटलेले रॉकेट मात्र परत बोलावता येत नाही.