पुढच्या चिमट्याचा कल

प्रतिवर्षी वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी आम्हांस सांगतात की, शाळा सुटली म्हणजे मोटारसायकल घ्यावयाची आणि तिचे रूप पालटावयाचे. कोणास पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, लांब हवा असतो, तर कोणास मागचा भाग उंच. हौसेस आमची हरकत नाही. परंतु ज्या अवयवास हात घालावयाचा, त्याचे कार्य आधी जाणून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोटारसायकलचा फोर्क ताठ उभा नसतो. त्याचे वरचे टोक मागे कललेले असते. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते, तो अक्ष मनाने जमिनीपर्यंत वाढविला, तर टायर जेथे भुईस टेकतो त्या बिंदूच्या थोडा पुढे पडतो. हे अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे ९० ते १२० मिलिमीटर असते. चाक अक्षाच्या मागून ओढले जात असल्यामुळे खड्ड्याने वाकडे झाले तरी ते पुन्हा सरळ होऊ पाहते. ढकलगाडीची फिरती चाके याच न्यायाने गाडीमागे वळतात.

हे अंतर वाढले म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण सावकाश वळविताना जड वाटते. ते घटले म्हणजे गाडी चटकन वळते, परंतु हँडल चंचल होते. फोर्क लांब केल्यास ते बहुधा वाढते. मागचा भाग उचलल्यास घटते. मागे दोघे बसविले, तर मागच्या स्प्रिंगा दबून पुढच्या चाकावरील भार हलका होतो आणि त्याची पकड सैल पडते.

डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने चालविता न येणारी सायकल बनविण्याचे प्रयोग करून १९७० साली ते प्रसिद्ध केले. उलट फिरणारे जादा चाक बसवूनही सायकल त्यास सहज चालविता आली. पण पुढचे चाक पुढे नेऊन हे अंतर उलटे करताच ती सांभाळणे कठीण झाले. पुढे २०११ साली इतर संशोधकांनी दाखविले की, स्थैर्य केवळ या अंतरावर नव्हे, तर वजनाच्या मांडणीवरही अवलंबून असते. अर्थात्, कारखान्याने जमविलेला हा मेळ एक अवयव बदलताच बिघडू शकतो.

विद्यार्थ्यांनी आपली सायकल केवळ सीट धरून ढकलावी व किंचित कलती करावी. हँडल आपोआप त्याच बाजूस वळेल. हा धडा फळ्यापेक्षा अंगणात लवकर कळतो.

पालकांस आमची विनंती एवढीच की, मुलाच्या हौसेपोटी गाडीत असा फेरफार करण्यास पैसे देऊ नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई केली आहे. मात्र आमच्या मुलांनी केवळ दंडाच्या भयाने नव्हे, तर समजून उमजून हात आवरावा, अशी आमची इच्छा आहे. दिखाऊपणापेक्षा सुखरूप घरी पोहोचणे केव्हाही श्रेष्ठ होय.