कुटुंब आणि मन : भरलेली प्रश्नावली कोणी पाहावी?

ठाणे खाडीकाठचे सारसोळे हे मूळचे कोळ्यांचे गाव. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली आणि गावाभोवती नेरुळचे सेक्टर उभे राहिले. होडीवर जाणारी आणि लोकलने कार्यालयात जाणारी कुटुंबे आज तेथे शेजारी नांदतात. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रकल्पासाठी असा परिसर उपयुक्त ठरतो. वर्गमित्रांच्या मोबाइलवर प्रश्नावली पाठवून शंभर उत्तरे सहज जमतात. परंतु त्यांतून वर्गमित्रांचेच मन कळते. समाजाचे मन जाणून घ्यायचे तर दारोदार जावे लागते.

असा एक प्रसंग कल्पावा. एम.ए.ची विद्यार्थिनी किशोरवयीनांच्या मनःस्थितीविषयीची प्रश्नावली घेऊन एका घरी आली आहे. घरात अकरावीतला मुलगा आहे. वडील संमतिपत्रावर सही करतात आणि म्हणतात, “बाळा, त्याचं भरून झालं की आधी मला दाखव हं.”

“काका, तेवढं मात्र मला करता येणार नाही,” ती नम्रपणे सांगते.

वडिलांना हे खटकणे स्वाभाविक आहे. मुलगा त्यांचा, घर त्यांचे, सहीही त्यांचीच. तथापि त्या नकारामागे नियम आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास पालकांची संमती लागते. त्याबरोबरच सात वर्षांपुढील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते. मध्येच थांबण्याची मोकळीक मुलाला असते. उत्तरांवर नावाऐवजी क्रमांक घालतात. हे केवळ सौजन्य नव्हे. वडील वाचणार हे ठाऊक असलेला मुलगा वडिलांना रुचेल असेच लिहील; मग संशोधनही खोटे ठरेल आणि मुलाचे दुःखही झाकलेलेच राहील.

“पण त्यानं काही भलतंच लिहिलं असेल तर?” वडिलांचा हा पुढचा प्रश्न रास्त आहे.

नैराश्याची लक्षणे जोखण्यासाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. तीत गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असून एकूण गुण ० ते २७ असतात. दहा किंवा अधिक गुण आले म्हणजे आजाराचे निदान झाले, असे नाही. तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. नववा प्रश्न मात्र मरणाच्या अथवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर ‘होय’कडे झुकले, तर ती प्रश्नावली गठ्ठ्यात ठेवून महिन्याने बेरीज करण्याची वस्तू राहत नाही. ती त्याच दिवशी पाहून मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवणे आणि मुलाला मदतीपर्यंत पोहोचवणे आवश्यक असते. जिवाला धोका दिसल्यास गोपनीयतेस अपवाद करावा लागेल, हेही मुलाला प्रारंभीच सांगावे लागते. विद्यार्थिनीचे वय बाविशीच्या आसपास. हे ओझे तिने एकटीने वाहावे, अशी अपेक्षा नाही. म्हणूनच मार्गदर्शक आणि नीतिसमिती यांची व्यवस्था असते.

तेव्हा उत्तरे पाहण्याचा आग्रह धरण्याऐवजी पालकांनी चार गोष्टी विचाराव्यात. मार्गदर्शक कोण? नीतिसमितीची परवानगी आहे काय? भरलेले कागद कोठे आणि किती काळ राहणार? आणि काही चिंताजनक आढळल्यास कोणाला, किती वेळात कळवले जाणार? यांची स्पष्ट उत्तरे मिळाली नाहीत, तर नम्रपणे नकार द्यावा. तो कुटुंबाचा हक्क आहे.

मदतीसाठी प्रकल्पाची वाट पाहण्याचेही कारण नाही. केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही.

कल्पिलेल्या प्रसंगातील वडील आता दुसऱ्या खोलीत जाऊन बसले आहेत. मुलगा लिहीत आहे. त्याने काय लिहिले, हे त्यांना कागदावरून कळणार नाही. परंतु “हल्ली झोप लागते का रे तुला?” असे रात्री जेवताना विचारायला कोणाचीच परवानगी लागत नाही. विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबावे, आणि आलेल्या उत्तरावर रागावू नये, एवढे मात्र पाळावे.