जीप, ठिणगी आणि मिस्त्री

१/ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलवाटांचा इतिहास जीपशिवाय अपुरा. आणि जीपचा, मिस्त्रीशिवाय.

२/ जुन्या विलीज जीपच्या चार सिलिंडरांना १-३-४-२ या क्रमाने ठिणगी पुरवतो तो डिस्ट्रिब्युटर. पॉइंटमधली फट फिलर गेजने ०.०२० इंच ठेवायची, मग डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग जुळवायचे. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते. उशिरा पडली तर चढावर धाप टाकते.

३/ गडचिरोली १९८२ साली वेगळा जिल्हा झाला, याची नोंद दप्तरी आहे. नुसत्या कानाने टायमिंग ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या विद्येची नोंद सहसा कुठेच सापडत नाही.

४/ म्हणून जुनी जीप रंगवून प्रदर्शनात उभी करणे, हे अर्धेच जतन होय. तिला चालती ठेवणारे हात आहेत तोवर त्यांचे ज्ञान लिहून घेतले पाहिजे.