खुर्ची मिळाली, मान कधी?

२४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिन. १९९३ साली याच दिवशी ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली. २०११ मध्ये महाराष्ट्राने पंचायतीतले महिला आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या मोठ्या गावापासून लहानशा वाडीपर्यंत निम्म्या जागा महिलांच्या झाल्या. जागा कायद्याने दिली. बोलू देण्याचा मोठेपणा मात्र सभेत बसणाऱ्यांनी दाखवायचा असतो. घोडे तिथेच अडले आहे.

मासिक सभेचे चित्र गावोगाव ओळखीचे आहे. सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे पती बसतात आणि विषय तेच मांडतात. प्रोसिडिंग बाईंपुढे सरकवले जाते, ‘वहिनी, इथं सही करा.’ एखाद्या सदस्येने पाणीपुरवठ्याचा हिशेब विचारला, की ‘तुम्हाला काय कळतंय, बसा खाली’ म्हणून आवाज चढतात. पुढच्या सभेत ती गप्प राहते आणि तिच्या वॉर्डातली तुंबलेली गटार तशीच राहते. दलित सदस्याला तर गप्प करायला जातीचा एक टोमणा पुरतो.

आवाज दाबूनही भागले नाही, की तक्रारींचे हत्यार निघते. कन्नडचा घाट उतरला की जळगाव जिल्हा लागतो. तिथल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना सरकारी जागेवरील अतिक्रमणात राहत असल्याच्या तक्रारीवरून अपात्र ठरवण्यात आले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातही दाद मिळाली नाही. अखेर २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद परत दिले. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असे न्यायालयाने नमूद केले. पण न्यायासाठी दर सरपंचाने दिल्ली गाठायची काय?

कायदा हाताशी आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ नुसार गैरवर्तन करणाऱ्या सदस्याला, सरपंचालाही, पदावरून दूर करता येते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू नये. सदस्य नसलेल्या नातेवाइकाला मासिक सभेत बसू देऊ नये. विरोधी मत प्रोसिडिंगमध्ये जसेच्या तसे लिहावे. यासाठी शासनाचा निधी लागत नाही.

१ मेच्या ग्रामसभेला पिशोरकरांनी जरूर जावे. कोणी सदस्याला दरडावले, तर तिथेच उभे राहून म्हणावे, ‘त्यांना बोलू द्या.’