आवाज नव्हे, बुलेटचा मोकळेपणा जपा

जुन्या बुलेटचा विषय निघाला की बोलणं तिच्या आवाजापाशीच थांबतं. तिची खरी थोरवी वेगळी आहे. मालकाला आपलं यंत्र स्वतः तपासता यावं, अशी तिची बांधणी आहे. १९५५ पासून मद्रासमध्ये जुळवल्या जाऊ लागलेल्या या गाडीच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. लांब धाव आणि जड फ्लायव्हील यांमुळे इंजिन कमी वेगातही जोर धरतं, म्हणून ३४६ सीसीतून जेमतेम १८ अश्वशक्ती मिळत असूनही चढावर सारखा गिअर पाडावा लागत नाही. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, त्यामुळे एकाचं काम निघालं म्हणून दुसरा उघडायला नको. टॅपेट लावणं तर बघण्यासारखं. सिलिंडरच्या बाजूचं छोटं झाकण काढलं की पुशरॉडची खालची टोकं समोर येतात. इंजिन थंड असताना आणि झडप बंद असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली हलू नये. दोन-तीन पाने आणि बोटांची जाण, एवढ्यावर काम भागतं. आज ही सोय किती नव्या गाड्यांत उरली आहे?

यावर आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत. जुनी बुलेट ऑइल गाळायची, तिचे ड्रम ब्रेक कमजोर होते, पॉइंट वारंवार साफ करावे लागत. २०२० पासून लागू झालेले बीएस-६ निकष त्या कार्बोरेटरला पेलले नसते. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, हेही योग्यच. स्वच्छ धूर आणि भरवशाचा ब्रेक सोडून जुन्याकडे परतावं, असं मी मुळीच म्हणत नाही. मात्र एअर फिल्टरपर्यंत पोचायला आधी प्लास्टिकची पॅनेलं उतरवावी लागावीत, किंवा सेन्सरचा बिघाड फक्त कंपनीच्याच यंत्राने वाचता यावा, असं प्रदूषणाचा कोणता नियम सांगतो? ही कारखान्याने केलेली निवड आहे. नवी इंजिनं फारशी बिघडत नाहीत, हा दुसरा युक्तिवाद गाडी नवी असेपर्यंत ठीक. आपल्याकडे दुचाकी पंधरा-पंधरा वर्षं चालते, हात बदलते, आणि उतारवयात ती अधिकृत सर्व्हिस सेंटरपासून लांब, गावातल्या मेकॅनिककडेच जाते. त्याच्या हाती माहिती नसेल, तर किरकोळ बिघाडासाठी अख्खा भाग बदलण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत वाहनंही आहेत. त्यातून सक्तीचा कायदा व्हावा: दुरुस्तीची पुस्तिका, सुट्या भागांचे दर आणि बिघाडाचे कोड कोणत्याही मेकॅनिकला खुले असावेत. तोवर निदान गाडी घेताना शोरूममध्ये मायलेजबरोबर हेही विचारा, की ही गाडी बाहेर कोण उघडू शकेल?